इंजिन हलवण्याआधी

वाफेचं जुनं इंजिन वर्षानुवर्षं उघड्यावर उभं असतं. चाकांत गवत वाढतं, पत्रा गंजतो, तरी ते उभं असतं. त्याचा घात होतो तो दोनदा. एकदा त्याला हलवतात त्या दिवशी, आणि पुन्हा नव्या जागी रंग देतात त्या आठवड्यात. दोन्ही वेळी भोवती जमलेली माणसं त्याच्यावर जीव असणारीच असतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहितोय.

मी चलथाणला राहतो, मूळचा नंदुरबारकडचा. खानदेशातली आमच्यासारखी कितीतरी घरं तापी व्हॅली रेल्वेच्या आधाराने सुरतेकडे सरकली. सुरत ते अमळनेर ही लाईन १९०० साली पुरी झाली. चलथाण, बारडोली, मढी, व्यारा करत ती पुढे नवापूरला जाते, जिथे स्टेशनाचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. माझी नोकरी चलथाण-कडोदऱ्याच्या डाइंग मिलांतल्या बॉयलर हाऊसमध्ये गेली. वाफ, पाणी आणि पत्रा यांचं नातं मला तिथे कळलं. त्यामुळे आमच्या भागातल्या एका बंद आवारात पडलेलं नॅरोगेजचं छोटं टँक इंजिन उचलून दुसरीकडे मांडायचं ठरलं, तेव्हा मलाही बोलावणं आलं.

दक्षिण गुजरातेत या छोट्या इंजिनांना मोठा मान होता. डांगच्या जंगलातलं सागवान बिलिमोऱ्याला उतरवणारी वघईची लाईन बडोद्याच्या गायकवाडांनी १९१३ च्या सुमारास टाकली. कोसंबा-उमरपाडा लाईनही त्याच मापाची, दोन फूट सहा इंची. रुळांतलं अंतर असं वेगळं असलं की इंजिन मोठ्या लाईनवरून ओढून नेता येत नाही. ट्रेलरवर चढवावंच लागतं. संकट तिथूनच सुरू होतं.

आमचं इंजिन हलवायच्या दिवशी ठेकेदाराने दोन हायड्रा क्रेन आणल्या. इंजिन साधारण अठरा टनांचं, हायड्रा चौदा-चौदा टनी. बेरीज अठ्ठावीस होते, म्हणून सगळे निर्धास्त. पण हायड्रावर लिहिलेला आकडा बूम आखूड आणि भार अगदी पुढच्या चाकांना लागून असतानाचा असतो. बूम जरा लांबवली की तीच मशीन निम्म्याहून कमी वजन पेलते, आणि दोन मशीननी मिळून उचललेलं वजन कधीच समसमान वाटलं जात नाही. त्यात खालची जमीन काळी माती. आमच्यात रेल्वेत आयुष्य घालवलेले एक खलाशी मुकादम होते. त्यांनी हात वर करून सांगितलं, "भाऊ, दोर बॉयलरला घालू नका. टोकाच्या आडव्या बफर बीमखाली घ्या."

"काका, वेळ नाही. पाहुणे येतायत," एवढंच उत्तर आलं.

वायररोप बॉयलरभोवती आवळला. बाहेरून दिसतो तो पत्रा म्हणजे बॉयलर नव्हे. तो नुसता लॅगिंगवरचा, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या आवरणावरचा, पातळ झगा असतो. इंजिन हातभर उचललं गेलं, पत्रा चेपला, दोर सरकला आणि मागची बाजू खाली बसली. इंजेक्टरचे पाइप तुटले, कॅबची एक बाजू आत गेली. कोणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. मग चाकं फिरेनात, म्हणून कोणीतरी गॅस कटर मागवला आणि साईड रॉड मधोमध कापला. मला सगळ्यात जास्त लागला तो हा कट. चेपलेला पत्रा बदलता येतो. पण त्या रॉडवर कारखान्यात ठोकलेला नंबर होता, आणि त्यावरून हे इंजिन मूळचं कुठलं, याचे सुटे भाग दुसऱ्या कुठल्या इंजिनातून आले, हे कळलं असतं. तो तुकडा संध्याकाळपर्यंत भंगाराच्या ढिगात गेला होता.

म्हणून जो कोणी असं काम हातात घेईल, त्याने क्रेनला फोन करण्याआधी वही आणि कॅमेरा घेऊन इंजिनाभोवती फिरावं. प्रत्येक रॉड, क्रॉसहेड, व्हॉल्व्ह, प्लेट यांवरचे नंबर टिपावेत. सुटणारा प्रत्येक भाग फोटो काढून, पत्र्याचं लेबल तारेने बांधून, कुलपाच्या खोलीत ठेवावा. पितळेच्या फिटिंग्ज आणि जुन्या इंजिनांतला तांब्याचा फायरबॉक्स यांवर भंगारवाल्यांची नजर असतेच. १८५५ चं वाफेचं इंजिन 'फेअरी क्वीन', जगभर नावाजलेलं. तेसुद्धा बंद उभं असताना त्याचे भाग चोरीला गेले आणि पेरांबूरच्या कारखान्यात ते नव्याने घडवावे लागले. गावातल्या अनाम इंजिनाचं मग काय होणार?

मालकीचा कागदही तेवढाच महत्त्वाचा. लिलावात घेतलं असेल तर डिलिव्हरी ऑर्डर, दान मिळालं असेल तर संस्थेचा ठराव, आणि दोन्ही वेळा गेटपास. तोंडी शब्दावर इंजिन हलवलं की पुढच्या कमिटीला ते नुसतं वजनी लोखंड दिसतं.

नट-बोल्ट जाम असतील तर आठवडे आधी डिझेल आणि पातळ तेल मुरवत ठेवा. रोज थोडं. ॲक्सल बॉक्सांत तेल, पिनांवर तेल. घाई नसेल तर बहुतेक सगळं सुटतं. कनेक्टिंग रॉड आणि साईड रॉड रीतसर उतरवले की चाकं सुटी होतात, आणि गॅस कटर गेटबाहेर राहतो. स्प्रिंगांच्या जागी ॲक्सल बॉक्स आणि फ्रेम यांच्यामध्ये लाकडाच्या पक्क्या पाचरी ठोका, म्हणजे ट्रेलर खड्ड्यात गेला तरी इंजिन उसळत नाही. साखळ्या फ्रेमला बांधायच्या. स्प्रिंगला किंवा पाइपला कधीही नाही.

उचलण्यापेक्षा चढवणं बरं, असं माझं ठाम मत आहे. ट्रेलरच्या बिछान्यावर त्याच मापाचे रूळ जोडा, मागे स्लीपरचा उतार रचा आणि विंचने इंच इंच ओढा. चाकांमागे सतत पाचर देणारा एक माणूस हवा, आणि त्याला दुसरं कुठलंच काम सांगू नये. उचलणं टळतच नसेल, तर पुरेशा ताकदीची एकच मोठी क्रेन, स्प्रेडर बीम, आणि भार बफर बीमखाली. सूचना फक्त मुकादमाने द्यायच्या. पाहुण्यांना त्या दिवशी बोलावूच नका.

रस्ता आधी स्वतः फिरून मापा. ट्रेलरची उंची अधिक धुराड्याची उंची, आणि वाटेतल्या तारा, कमानी, रेल्वे फाटकाचं हाइट गेज. जमत नसेल तर धुराडं बोल्ट सोडून उतरवा. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू असताना हे काम काढूच नये. कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांनी बारडोलीचा रस्ता भरलेला असतो. ऊसतोडीला डांगमधून, धुळे-नंदुरबारकडून आलेली माणसं बैलगाड्या घेऊन त्याच रस्त्यावर असतात. हंगाम संपल्यावर आणि पहिल्या पावसाआधी जो कोरडा काळ मिळतो, तो खरा. एकदा काळी माती भिजली की ट्रेलर रुततो.

लॅगिंगबद्दल हात जोडून सांगतो. जुन्या बॉयलरवर बहुतेकदा ॲस्बेस्टॉस असतं. त्या दिवशी चेपलेल्या पत्र्याखालून पांढरी वाख लोंबत होती आणि पोरं ती उघड्या हातांनी ओढत होती. ती धूळ फुप्फुसात बसते आणि तिचा आजार कित्येक वर्षांनी उगवतो. ती ओली केल्याशिवाय, मास्कशिवाय आणि जाणत्या माणसाशिवाय हात लावू नका. घरी जायच्या कपड्यांवर तर ती जाताच कामा नये.

आता रंगाचा आठवडा. नव्या जागी इंजिन पोचलं की सगळ्यांना काळा-लाल चकचकीत रंग हवा असतो. पण आत डोकावायला कोणी तयार नसतं. स्मोकबॉक्समध्ये आणि ॲशपॅनमध्ये वर्षांची राख साचलेली असते. कोळशाच्या राखेत गंधक असतं. ओलाव्याने त्याचं आम्ल होतं आणि पत्रा आतून खातं. सुरतेच्या दमट हवेत हे फार वेगाने होतं. म्हणून आधी राख काढा, टाक्यांतला गाळ काढा, वॉशआउट प्लग सोडून बॉयलर रिकामा करा आणि हवा खेळू द्या. धुराड्यावर झाकण हवं. गंज खरवडून प्रायमर लावल्याशिवाय एनॅमल मारलं, तर दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात. आणि छप्पर! चौथऱ्यावर खर्च होतो, फरशीवर होतो, कोनशिलेवर होतो. छपराला पैसा उरत नाही. माझं म्हणणं उलट आहे. आधी छप्पर बांधा, कोनशिला नंतर. जागा उंच निवडा. २००६ च्या ऑगस्टमधल्या पुरात तापीचं पाणी सुरतेत कुठवर चढलं होतं, ते जुन्या माणसांना विचारून घ्या.

उद्घाटनाला धूर काढायचा आग्रह हमखास होतो. तो हात धरून थांबवा. माझं आयुष्य बॉयलरसमोर गेलंय. मिलच्या बॉयलरलासुद्धा १९२३ च्या कायद्यापासून दरवर्षी तपासणी आणि सर्टिफिकेट लागत आलंय. मग वर्षानुवर्षं थंड पडलेल्या, पत्रा किती उरलाय हे कोणी मोजलं नाही अशा बॉयलरखाली जाळ करायचा? जाडीची तपासणी, हायड्रॉलिक टेस्ट आणि इन्स्पेक्टरची सही यांशिवाय काडीसुद्धा लावू नये. लोकांना शिट्टीच ऐकायची असेल, तर शिट्टी उतरवून कॉम्प्रेसरच्या हवेवर वेगळी वाजवा. आवाज जवळपास तोच येतो.

ही इंजिनं जपायची का, असं तरुण मुलं विचारतात. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या 'शकुंतला' गाडीचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलं आणि १९२३ पासून १९९४ पर्यंत राबलं. माथेरानच्या छोट्या गाडीच्या चार इंजिनांपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडात जाऊन पोचलं. तिथल्या लोकांना ते सांभाळावंसं वाटलं. आमच्या भागातल्या लोखंडाची किंमत आम्हाला त्याहून कमी वाटू नये.

इंजिन हाताशी आलं की त्यावर काम केलेला ड्रायव्हर, फायरमन, फिटर शोधा. बार्शी लाईनची इंजिनं सांभाळणाऱ्या कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधले जुने कारागीर आजही सापडतील. इकडे बिलिमोरा, डभोईकडे सापडतील. त्यांना इंजिनाजवळ आणून बसवा आणि नेमकं विचारा. कुठल्या चढावर दम लागायचा? पाणी कुठे भरायचे? इंजेक्टर रुसला की काय करायचे? कुठला भाग नंतर बदलून बसवला? फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच दिवशी लिहून काढा, कारण भागांची नावं ते आपल्या बोलीत सांगतात आणि नंतर ऐकणाऱ्याला ती कळत नाहीत. आमच्या मुकादमांनी मला कॅबच्या चेपलेल्या बाजूला उभं करून प्रत्येक व्हॉल्व्हचं नाव सांगितलं. ती वही आता त्या इंजिनाच्या कागदपत्रांसोबत ठेवली आहे, आणि तिच्या झेरॉक्स प्रती मागेल त्याला मिळतात.