बाळगुटीतलं मायफळ आणि त्यातले बिनबोलावलेले पाहुणे

परजीवी म्हटलं की मुलं उवा, गोचीड, जंत एवढ्यावरच थांबतात. म्हणून यंदा मी गुलमंडीतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून मूठभर मायफळं आणली. बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळतात ना, तीच. सुपारीएवढी, अंगावर टेंगळं असलेली.

नावात फळ असलं तरी ते फळ नाही. तुर्कस्तान, इराण, सीरिया या भागात ओकची एक जात वाढते. तिच्या कोवळ्या कळीत चिमुकली गाठमाशी अंडं घालते. अळी वाढू लागली की झाड तिच्याभोवती स्वतःच्याच पेशींची गाठ बांधतं. अळीला घर मिळतं आणि अन्नही. या गाठीत निम्म्याहून जास्त टॅनिन असू शकतं, म्हणून ती इतकी तुरट. (गुटीतली काकडशिंगीही अशीच गाठ, फक्त ती हिमालयातल्या झाडावर माव्यामुळे होते.) मायफळाच्या पाण्यात चिमूटभर हिराकस टाकून बघा, पाणी काळं होतं. युरोपात शेकडो वर्षं याच शाईनं लिहीत.

काही मायफळांना गोल भोक असतं. "माशी मोठी होऊन इथून बाहेर पडली," असं मी वर्गात ठामपणे सांगून टाकलं. एक मुलगी भिंग घेऊन बसली होती. ती म्हणाली, "सर, याला तर चार बारीक भोकं आहेत. एकाच माशीनं चार दारं कशाला पाडली?"

उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. घरी येऊन वाचलं. या गाठीत साधारणपणे एकच अळी असते. पण दुसऱ्या, आणखी छोट्या माश्या बाहेरूनच सुईसारखी नळी खुपसून आत अंडं घालतात. त्यांच्या अळ्या आतल्या मालकिणीला खातात आणि स्वतःच्या बारीक दारानं बाहेर पडतात. काही भाडेकरूही असतात, ते गाठीचा गर खातात. शिवाय वाळलेल्या काष्ठौषधींना पोखरणारी साठवणीतली कीड असतेच, त्यामुळे नुसत्या भोकावरून नाव ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात आधी माझी चूक सांगितली, मग हे.

इथंच व्याख्येत फरक करावा लागतो. ऊ रक्त पिते, पण आपल्याला जिवंत ठेवते. ही अळी यजमानाला संपवूनच मोठी होते. आपण दोन्हींना सरसकट 'परजीवी' म्हणतो आणि मुलांचा गोंधळ होतो. कृषी विभागाची माणसं दुसऱ्या प्रकाराला परोपजीवी मित्रकीटक म्हणतात. कपाशीवाल्या घरातली मुलं लगेच बोलली, "म्हणजे ट्रायकोकार्ड!" बरोबर. त्यातली माशी बोंडअळीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते.

संध्याकाळी एका आईचा फोन आला. "सर, म्हणजे आम्ही बाळाला किडा उगाळून दिला का?" मी खरं तेच सांगितलं. भोक असेल तर आतला कीटक बहुधा निघून गेलेला असतो, नसेल तर वाळलेला आत असू शकतो. व्यापारी तर बिनभोकाचंच मायफळ सरस मानतात, त्यात टॅनिन जास्त म्हणून. गुटी द्यावी की नाही, ते मात्र बाळाच्या डॉक्टरांना विचारा.

मायफळ नाही मिळालं तर उंबर फोडा. आतल्या बारीक फुलांतही गाठी असतात, आणि त्यांतल्या अळ्यांवर टपलेली एक माशी उंबराच्या सालीतून आरपार भोक पाडते. तिच्या नळीच्या टोकाला जस्त असतं, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. उंबर फोडायच्या आधी काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलचं फडकं बांधा, नाहीतर माझ्यासारखे सगळे कीटक वर्गभर उडतील.