बट्सरचे शेत : इतिहासाची प्रयोगशाळा

दक्षिण इंग्लंडमधील टेकड्यांवर उत्खनन करताना संशोधकांना खडूच्या पांढऱ्या खडकात खोदलेले मोठमोठे खड्डे सापडत. ते लोहयुगातील, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या काही शतकांतील होते. त्या काळची माणसे अशा खड्ड्यांत राहत असावीत, असे मत बराच काळ प्रचलित होते. १९३८-३९ मध्ये गेरहार्ट बेर्सू या जर्मन पुरातत्त्वज्ञाने विल्टशायरमधील लिटल वुडबरी येथे उत्खनन केले आणि दाखवून दिले की, माणसे जमिनीवरच्या गोल लाकडी घरांत राहत होती; खड्डे होते ते धान्य साठवण्याचे. सोलापूरकडच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला ते दाखवले असते, तर तो चटकन म्हणाला असता, "अहो, हे तर पेव!"

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. इंग्लंडच्या दमट हवेत जमिनीखाली धान्य टिकेल कसे? याचे उत्तर ग्रंथालयात बसून मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी खड्डा खणायला हवा, धान्य भरायला हवे आणि हिवाळाभर वाट पाहायला हवी. अशाच कामासाठी १९७२ साली हॅम्पशायरमध्ये बट्सर टेकडीच्या एका सोंडेवर एक शेत सुरू झाले. पीटर रेनल्ड्स हे त्याचे संचालक होते. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास शेती कशी होत असेल, ते प्रत्यक्ष करून पाहायचे, हा त्यांचा हेतू. १९९१ मध्ये हे शेत जवळच चाल्टन गावापाशी हलविण्यात आले आणि आजही ते तेथे पाहता येते.

अशा स्थळांची परंपरा युरोपात जुनी आहे. आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोममध्ये 'स्कान्सेन' हे खुले संग्रहालय उघडले आणि तेथे स्वीडनमधील जुनी घरे आणून उभी केली. बट्सरचे वेगळेपण असे की, तेथे जतन करण्याजोगी जुनी वास्तू एकही नव्हती. होते ते फक्त प्रश्न.

धान्याच्या खड्ड्याचेच पाहा. तो काठोकाठ भरून त्याचे तोंड चिकणमातीने बंद केले, की भिंतीलगतचे दाणे ओल शोषून अंकुरू लागतात. अंकुरताना ते आतला प्राणवायू वापरून टाकतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. प्राणवायू संपला की उगवण थांबते आणि उरलेले धान्य जणू झोपी जाते. वसंत ऋतूत खड्डे उघडले, तेव्हा कडेचा पातळ थर सोडून बाकीचे धान्य उत्तम निघाले. पुष्कळसे पेरण्याजोगेही होते. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नाही, हे आपल्याकडची जुनी माणसे का बजावत, त्याचे कारणही हाच वायू.

दुसरा प्रयोग घराचा. डॉर्सेटमधील पिंपर्न येथे एका मोठ्या गोल घराच्या खांबांचे खळगे सापडले होते. त्या आराखड्यावरून १९७६ मध्ये बट्सरला सुमारे १३ मीटर व्यासाचे घर बांधण्यात आले. भिंती होत्या काठ्यांच्या विणलेल्या आणि वर मातीचा लेप दिलेल्या. कोकणात ज्याला आपण कूड म्हणतो, तीच ही जात. वर शाकारलेले शंकूसारखे छप्पर. आता मधोमध चूल पेटवायची, तर धूर जाण्यासाठी शेंड्याला भोक हवे, असे सर्वांनाच वाटे. प्रत्यक्षात उलटे दिसून आले. भोक ठेवले तर हवा जोराने वर ओढली जाते, ठिणग्या उडतात आणि छपराला आग लागण्याचा धोका वाढतो. भोक नसले तर धूर वर साठतो आणि गवतातून हळूहळू झिरपून बाहेर पडतो. पुस्तकांतील किती चित्रांत ते भोक दाखवलेले असेल! एका चुलीने ते बुजवले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जमिनीत उरतात ते खांबांचे खळगे. वरचे सारे अनुमान. म्हणून रेनल्ड्स या घरांना 'पुनर्रचना' न म्हणता केवळ 'रचना' म्हणत. घर उभे राहिले, वादळवारा सोसून टिकले, तर एवढेच सिद्ध होते की, ते असे असू शकले असते. तसेच होते, असे सिद्ध होत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा हा भेद आहे.

आणि हे सारे करते कोण? पगारी माणसे थोडी. फार मोठा आधार आहे तो स्वयंसेवकांचा. भिंती लिंपणे, छप्पर शाकारणे, बागेची निगा राखणे ही कामे ते आनंदाने करतात. २०२१ मध्ये विल्टशायरमधील डंच हिल येथील उत्खननाच्या आधारे कांस्ययुगातील एका घराचे बांधकाम येथे सुरू झाले, त्यात सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानांचा मोठा वाटा होता. मातीचे घर एकदा बांधून संपत नाही. भिंतीला पुन्हा पुन्हा हात फिरवावा लागतो. त्यामुळे स्वयंसेवकाचा हात हीच येथली खरी संग्रहवस्तू आहे, असे म्हटले तर वावगे होऊ नये. तो हात थांबला तर काही वर्षांत तेथे पुन्हा खळगेच उरतील.

म्हणून अशा स्थळी जाणाऱ्याने केवळ फेरफटका मारून परतू नये. हे तुम्हांला कशावरून कळले, यात पुरावा किती आणि अनुमान किती, करून पाहताना काय फसले, हे तीन प्रश्न त्याने अवश्य विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून सर्वांत अधिक शिकायला मिळते.

शेवटी आपल्याविषयी थोडेसे. बट्सरच्या लोकांना विचारायला कोणी उरले नव्हते. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो शेतकरी काहीही लिहून न ठेवता गेला. म्हणून त्यांना जमिनीलाच विचारावे लागले. आपल्याकडे मात्र कूड लिंपलेले, पेवात उतरलेले, लाकडी नांगर धरलेले हात अजून काही घरांत आहेत. ते थकले आहेत. पेव भरण्यापूर्वी आतून काय लावीत, तोंड कशाने बंद करीत, उघडल्यावर किती वेळ थांबत, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्या वहीत मात्र नाही. येत्या सुट्टीत गावी गेल्यावर आजोबांपाशी वही घेऊन बसावे. त्यांनी सांगितलेले तारखेनिशी उतरवून घ्यावे, आणि जमले तर एखादी भिंत त्यांच्या देखरेखीखाली लिंपून पाहावी. पहिल्या खेपेला ती बहुधा तडकेल. का तडकली, ते सांगणारे माणूस शेजारी बसलेले असेल, हे आपले भाग्य.