स्क्रीनवर पाटी सरळ वाचता आली, तर सावध व्हा

बंपर नवा बसला, डावीकडची मागची लाइट नवी बसली, 9,400 रुपये गेले. त्याचं दुःख आता ओसरलंय. पण "साहेब, सवय होईल" हे त्या फिटरचं वाक्य चार महिने झाले तरी डोक्यातून जात नाही. सवय व्हायची गोष्टच नव्हती ती. चूक त्याची होती आणि मी ती दुसऱ्याच दिवशी त्याला सांगितली होती.

गाडीला कंपनीचीच टचस्क्रीन आहे, नकाशा तिच्यावरच लागतो. मागचा कॅमेरा मात्र वरच्या मॉडेललाच मिळत होता. सेन्सर आहेत, 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे नव्या कारला ते सक्तीचेच झाले. पण सेन्सर नुसता ओरडतो. डावीकडे काय आलंय आणि उजवीकडे काय, हे तो सांगत नाही. सोसायटीत माझी जागा खांबाला चिकटून. म्हणून स्क्रीनला कॅमेरा जोडून घ्यायचं ठरवलं आणि जुन्या हायवेलगतच्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही.

पहिला कॅमेरा लावला तेव्हा स्क्रीनवर नुसतं 'नो सिग्नल'. फिटर म्हणाला, "तुमच्या स्क्रीनमध्येच फॉल्ट आहे." मी म्हटलं, "दादा, हा एएचडी कॅमेरा आहे, ही स्क्रीन साधा ॲनालॉग सिग्नल घेत असेल. साधा लावून बघा." तो दुसऱ्या पोराकडे बघून हसला. अर्ध्या तासाने गुपचूप साधा कॅमेरा लावला आणि चित्र आलं. माझं बरोबर होतं, हे त्याने कबूल केलं नाही. मीही चित्र दिसल्याच्या आनंदात 1,800 रुपये देऊन निघालो. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलबुक संपलंय, नंतर घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना काहीतरी खटकलं. स्टिअरिंग एकीकडे वळवावं आणि चित्र भलतीकडे सरकावं. फोन केला. तेव्हा ते वाक्य आलं. "नवीन आहे ना साहेब, सवय होईल."

रविवारी संध्याकाळी पाऊस होता. बायको नेहमीप्रमाणे मागे उतरून खांबाजवळ उभी राहिली. स्क्रीनवर खांब उजवीकडे दिसत होता, म्हणून मी गाडीची मागची बाजू डावीकडे घेतली. सेन्सर ओरडला, त्यापाठोपाठ ती ओरडली, "अहो, इकडं नाही!" आणि धाडकन आवाज झाला. खांब डावीकडेच होता.

शेजाऱ्यांनी सगळ्यांसारखंच विचारलं, "कॅमेरा असून कसं काय?" मी गप्प बसलो. सगळे गेल्यावर परत गाडीत बसलो, इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवली आणि रिव्हर्स गिअर टाकला. मागच्या भिंतीवर सोसायटीने रंगवलंय, 'पाहुण्यांनी वाहने बाहेर लावावीत'. स्क्रीनवर ती ओळ स्वच्छ, सरळ वाचता येत होती. वरच्या आरशात बघितलं, तर तीच ओळ उलट्या अक्षरांत. पुन्हा स्क्रीन, पुन्हा आरसा. आरशात डावी बाजू डावीकडेच राहते, म्हणून अक्षरं उलटी दिसतात. मागच्या कॅमेऱ्याचं चित्रही आरशासारखंच उलटं हवं. माझ्या स्क्रीनवर अक्षरं सरळ होती, म्हणजे बाजू उलट्या होत्या.

तेव्हा लक्षात आलं की बायको खांबाच्या अलीकडे डाव्या अंगाला उभी होती आणि मला ती उजवीकडे दिसत होती. मी तिला चुकवतोय असं समजून तिच्याच अंगावर गाडी घेत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. फिटर म्हणाला, "चित्र येतंय ना?" मग म्हणाला, "गाडी घेताना तुम्ही बघायला पाहिजे होतं." त्या कॅमेऱ्याच्या वायरीला बारीक वायरींचे दोन फास होते. एक कापला की चित्राच्या बाजू पालटतात, दुसरा कापला की पार्किंगच्या रेघा जातात. रेघा घालवायला गेला तेव्हा त्याने भलताच फास कापला होता. दोन टोकं पिळून टेप गुंडाळली, पाच मिनिटांत चित्र बरोबर झालं. माफीचा एक शब्द नाही. वर मजुरीचे 200 रुपये मागितले. मी दिले नाहीत.

मी चाकणला क्वालिटीत काम करतो. आमच्याकडे पहिला नग तपासून सही झाल्याशिवाय लाइन सुटत नाही. माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या कामाला या दुकानांत कुणी सही मागत नाही.

आता जे कॅमेरा लावणार आहेत त्यांच्यासाठी. आधी आपली स्क्रीन कॅमेऱ्याचा सिग्नल घेते का आणि कुठला घेते, हे गाडीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. काही स्क्रीनना ती सोय सॉफ्टवेअरमधून चालू करावी लागते. तिथे फिटर कितीही वायरी जोडो, उपयोग नाही. मूळ वायरिंग कापू देऊ नका, कपलर असेल तर तोच मागा. माझ्या रिव्हर्स लाइटची वायर सोलून जोड दिला होता. सर्व्हिस सेंटरने तो बघितला आणि इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारली. डिकीच्या दारातून वायर नेताना मूळ रबरी नळीतूनच न्यायला सांगा. माझी वायर रबराच्या पट्टीखालून दाबून काढली होती आणि मावळातल्या पावसात डिकीचं कार्पेट भिजलं.

बिल घ्या. बिलबुक संपलं असेल तर कोऱ्या कागदावर सही-शिक्क्यानिशी घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण हातात कागदच नसेल तर काय दाखवणार? मी इथेच अडकलो. ओळखीचं दुकान बघा, घाई करू नका, हे तर सगळेच सांगतात.

अमेरिकेत 2002 मध्ये एका बापाच्या हातून गाडी मागे घेताना त्याचा स्वतःचा लहान मुलगा गेला. त्यावरून 2008 मध्ये तिथे कायदा झाला आणि मे 2018 पासून नव्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे, असंही तिथे नियमात आहे. आपल्याकडे बाहेरून बसवलेला कॅमेरा कुणी तपासत नाही. आपणच तपासायचा.

पैसे देण्याआधी हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा, रिव्हर्स टाका आणि फिटरलाच गाडीच्या मागे डाव्या कोपऱ्याशी उभा करा. तो स्क्रीनवर डावीकडे दिसला, तर पैसे द्या. उजवीकडे दिसला, तर पाकीट खिशातून काढू नका आणि सवय होईल असं म्हणाला, तर त्याला तिथेच उभा ठेवून विचारा, "दादा, आता गाडी मागे घेऊ का?"