मण्यांच्या माळेचे मोल

अभ्यासासाठी शास्त्रभाग: नीतिसूत्रे 20:14, लेवीय 19:13



नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात बाजारातले एक छोटे चित्र आहे. गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन तिला नावे ठेवते, भाव पाडते आणि घरी जाताना आपण ती किती स्वस्तात मिळवली याची फुशारकी मारते. तीन हजार वर्षांत बाजार बदलला, हे गिऱ्हाईक मात्र तसेच राहिले.

या पाठात हे चित्र आपण मण्यांच्या माळेपाशी ठेवून पाहू. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ भगिनी हौसेने मण्यांचे दागिने करू लागल्या आहेत. मी ज्या कातकरी वाडीत काम करते, तिथल्या महिला गटाचेही हेच काम आहे. कापणीच्या सणाला किंवा नाताळच्या विक्रीला दोघींच्या माळा शेजारीशेजारी मांडल्या जातात. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

मणी आपल्याकडे जुना आहे

तेर, पैठण, नेवासा येथील उत्खननांत दगडाचे व काचेचे प्राचीन मणी मिळाले आहेत. आजही काळी पोत महाराष्ट्रातल्या घराघरांत आहे. ठाकर आणि कातकरी बायकांच्या गळ्यात रंगीत मण्यांच्या सरी दिसतात.

रानातले बीही मणी म्हणून चालते. ओलसर जागी उगवणाऱ्या रानजोंधळ्याच्या टणक दाण्याला निसर्गतःच आरपार भोक असते. ईशान्य भारतातील आदिवासी तो दागिन्यांत ओवतात. इंग्रजीत या दाण्यांना ‘इयोबाचे अश्रू’ असे नाव आहे. लाल-काळी गुंज दिसायला सुंदर असते, पण तिचे बी अतिशय विषारी आहे. तिला भोक पाडू नये आणि मुलांच्या हाती ती माळ देऊ नये.

माळ कशी होते

ज्या भगिनींना शिकायचे आहे त्यांच्यासाठी फुलांची सोपी माळ सांगते. बारीक काचमणी नंबरावर मिळतात. नंबर जितका मोठा तितका मणी लहान. 11 नंबरचा मणी साधारण 2 मिलिमीटरचा असतो आणि एका ग्रॅममध्ये असे शंभरच्या आसपास मणी बसतात. मण्यांची बारीक सुई आणि नायलॉनचा दोरा घ्यावा. सुती दोरा घामाने लवकर कुजतो.

आधी मणी निवडावेत. स्वस्त मण्यांत जाड-बारीक, तुटके, बुजलेल्या भोकाचे मणी बरेच निघतात. थोडे मणी पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहावेत. रंग सुटला तर ते वापरू नयेत. ताटलीत जाडसर कापड अंथरून त्यावर मणी पसरले की ते घरंगळत नाहीत.

आता सहा पिवळे मणी ओवा. सुई पहिल्या मण्यातून पुन्हा काढा म्हणजे कडे तयार होईल. मग एक लाल मणी घ्या आणि सुई समोरच्या, म्हणजे चौथ्या मण्यातून काढा. लाल मणी मध्यभागी बसतो आणि फूल होते. दोन हिरवे मणी ओवून पुढचे फूल सुरू करा. टोकांना पक्की गाठ मारून हूक लावा. 16 इंची माळेला अशी सुमारे 45 फुले आणि 400 मणी लागतात. आमच्या गटातील सरावाच्या हातालाही मणी निवडण्यापासून हूक लावेपर्यंत तीन तास जातात. नव्या हाताला याच्या दुप्पट वेळ धरा.

एकीचा छंद, दुसरीचे पोट

तमिळनाडूतील नरिकुरवर समाजाचे उदाहरण पाहा. हे लोक पूर्वी शिकारीवर जगत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली आणि मण्यांच्या माळा विकणे हाच अनेक कुटुंबांचा आधार झाला. बसस्थानकांवर आणि देवस्थानांपाशी ते माळा विकताना दिसतात. 2023 च्या सुरुवातीला त्यांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला.

आमच्या वाडीतली गोष्ट वेगळी, तरी जवळची आहे. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. भाताची लावणी आटोपली की हाताला काम नसते, भाद्रपदाच्या सुमारास घरातले धान्यही संपत येते. याच दिवसांत वीटभट्टीची उचल घेतली जाते. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते ते पावसाच्या तोंडावरच परतते. मुलांची शाळा सुटते. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण उचल फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही हे इथे लहान मुलालाही ठाऊक आहे.

मण्यांच्या कामाने भट्टी सुटेल असे मी म्हणणार नाही. पण त्या दोन-तीन महिन्यांत तेल-मीठ आणि औषधपाणी माळांच्या पैशांतून निघाले, तर उचल कमी घ्यावी लागते. गटातील एक ताई मला म्हणाल्या, “बाई, उचल थोडी घेतली की माणूस मान वर करून बोलतो.”

मेजावरचा हिशेब

उदाहरणादाखल आकडे घेऊ. एका माळेचे साहित्य 40 रुपये. तीन तासांचे, तासाला 50 रुपये धरून, 150. येण्याजाण्याचे आणि न खपलेल्या मालाचे 20. माळेची किंमत झाली 210 रुपये.

शेजारी हौसेने केलेली तशीच माळ 60 रुपयांना ठेवलेली असते. करणारी भगिनी प्रेमाने म्हणते, “साहित्याचे सुटले तरी पुरे, माझा वेळ छान गेला.” तिच्या मनात काहीच वाईट नाही. परंतु गिऱ्हाईक 60 रुपयांची माळ उचलून 210 च्या माळेकडे बोट दाखवते आणि म्हणते, “ही एवढी महाग कशी?” वाडीवरून आलेल्या ताईने 60 रुपयांना दिली, तर साहित्य वजा जाता तीन तासांचे 20 रुपये हाती येतात. तासाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत.

दुसरा अनुभव दुकानांचा. “माळा ठेवून जा, खपल्या की पैसे देऊ,” असे सांगितले जाते. माळा खपतात, पैसे तीन-तीन महिने येत नाहीत. मजुराची मजुरी रात्रभरही आपल्यापाशी ठेवू नये, अशी लेवीयातील आज्ञा आहे. उद्याच्या तांदळासाठी थांबलेल्या घराला एका रात्रीचा उशीरही जड जातो, हे देव जाणतो.

आपण काय करू शकतो

छंद सोडू नका. बोटांना काम मिळते, मन शांत होते, आजारातून उठलेल्या कित्येकींना त्याचा आधार झाला आहे. मात्र पुढील गोष्टी पाळता येतील.

1. हौसेने केलेली माळ भेट म्हणून द्या. विकायचीच असेल तर आपल्या तासांचे मोल धरून किंमत लावा. तो पैसा दानपेटीत टाकायला तुम्ही मोकळ्या आहात.

2. विक्रीच्या ठिकाणी किमती आधी एकत्र बसून ठरवा. त्या बैठकीला वाडीवरच्या गटातील एखाद्या ताईला बोलवा.

3. गटाच्या माळा मंडळीसाठी घेताना पैसे त्याच दिवशी द्या. न खपलेल्या मालाची जोखीम मंडळीने उचलावी.

4. दया म्हणून विकत घेऊ नका. गाठ सैल असेल, रंग जात असेल तर स्पष्ट सांगा आणि बदलून मागा. चांगल्या कामाची अपेक्षा ठेवणे हाही करणारीचा मान आहे.

भगिनी मंडळात चर्चेसाठी प्रश्न

1. नीतिसूत्रे 20:14 मधील गिऱ्हाईक आपण शेवटचे कधी पाहिले? त्या वेळी विकणाऱ्याच्या हाती काय पडले असेल?

2. आपल्या घरी कामाला येणाऱ्या कोणाचे पैसे आपल्याकडे थांबले आहेत का?

3. येत्या नाताळच्या विक्रीत किमती कोण ठरवणार? हे याच बैठकीत ठरवून लिहून ठेवा.