दोन जनगणना आणि एक सरळ रेषा

ग्रामपंचायतीस पाणीपुरवठ्याची योजना आखावयाची असो वा शाळेच्या नव्या खोल्यांची मागणी नोंदवावयाची असो, पहिला प्रश्न लोकसंख्येचा येतो. जनगणना मात्र दहा वर्षांतून एकदा व्हावयाची. त्यातही २०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे लांबणीवर पडली आणि पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला. अशा वेळी मधल्या वर्षांचा अंदाज बांधण्यास शालेय गणितातील एक साधन उपयोगी पडते. ते म्हणजे दोन बिंदूंतून जाणाऱ्या सरळ रेषेचे समीकरण.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांचे उदाहरण घेऊ. शिरूर तालुक्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे ३ लाख ११ हजार होती. २०११ साली ती सुमारे ३ लाख ८५ हजार झाली. २००१ नंतर गेलेली वर्षे 'क्ष' मानून आडव्या अक्षावर आणि लोकसंख्या हजारांत 'य' मानून उभ्या अक्षावर मांडली, की (०, ३११) आणि (१०, ३८५) असे दोन बिंदू मिळतात.

प्रथम रेषेचा चढ काढावा. 'य'मधील फरक ७४, 'क्ष'मधील फरक १०. म्हणून चढ ७.४. म्हणजेच दरवर्षी सरासरी ७,४०० माणसांची भर पडली. क्ष शून्य असताना य ३११ आहे. यावरून समीकरण असे :

य = ७.४ क्ष + ३११

क्षच्या जागी १० घातल्यास उत्तर ३८५ येते. हा पडताळा झाला. पहिला बिंदू शून्य वर्षाचा नसेल, तर 'य वजा पहिला य = चढ × (क्ष वजा पहिला क्ष)' हा नियम वापरावा.

दौंडची लोकसंख्या याच दहा वर्षांत सुमारे ३ लाख ४१ हजारांवरून ३ लाख ८० हजारांवर गेली. त्याचे समीकरण :

य = ३.९ क्ष + ३४१

दोन्ही समीकरणे समान मांडली असता ३.५ क्ष = ३०, म्हणजे क्ष सुमारे ८.६ येतो. मागे असलेल्या शिरूरने दौंडला २००९ च्या उत्तरार्धात गाठले, असे रेषा सांगते.

कारण मात्र रेषा सांगत नाही. त्यासाठी रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि सणसवाडी-शिक्रापूरकडील कारखाने यांकडे पाहावे लागते. म्हणूनच दोन बिंदूंच्या आतील अंदाज बराचसा भरवशाचा, तर बाहेरचा जोखमीचा असतो. शिरूरची रेषा २०२७ पर्यंत वाढविल्यास ५ लाख ३ हजार हा आकडा येतो. पण वाढीचा वेग तोच राहिला असेल तरच तो खरा ठरेल.

तालुक्याचा चढ गावास लावणे हीदेखील चूकच. कारखान्यालगतचे गाव आणि केवळ शेतीवरचे गाव एकाच वेगाने वाढत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्याच गावाचे दोन आकडे घ्यावेत व मधल्या काळात गावाची हद्द बदललेली नाही, याची खात्री करावी. १९९१ चा आकडा तिसरा बिंदू म्हणून मांडावा. तो रेषेपासून दूर पडल्यास वेग बदलला, असे समजावे. जन्म-मृत्यूची नोंदवही आणि शाळेचा पट यांचाही आधार घ्यावा.

शिक्षकांनी हे उदाहरण गावाच्या आकड्यांनिशी वर्गात सोडवून घ्यावे. २०११ च्या लोकसंख्येवर आखलेली टाकी आजच्या गावास पुरेल का, याचे उत्तर मुले स्वतःच काढू शकतील. आणि ते ग्रामसभेपुढेही ठेवता येईल.