'बॉयकॉट' नीट वापरा

पोरांनो, केंदूरहून पाबळला, शिक्रापूरला इंग्रजीच्या क्लासला जाता. तिथं क्रियापदांच्या याद्या पाठ करायला देतात, त्या कराच. पण काही क्रियापदांचा जन्म माहीत असला की ती वापरताना हात चुकत नाही. 'बॉयकॉट' त्यातलंच.

चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंड कमी करून मागितला, तर यानं त्यांना हुसकावण्याच्या नोटिसा धाडल्या. गावानं त्याच्याशी व्यवहारच तोडला. शेतात मजूर येईना, दुकानदार माल देईना. शेवटी पीक काढायला बाहेरून पन्नासेक माणसं आणली आणि त्यांच्या राखणीला फौज ठेवली. या प्रकाराला 'ऑस्ट्रसाइझ' हा जुना जड शब्द होता, पण तो कुळांच्या तोंडी बसायचा नाही, म्हणून फादर ओमॅली यांनी कारभाऱ्याचं आडनावच सुचवलं. तेच क्रियापद झालं.

आता कान देऊन ऐका. हेच आपल्या शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात सहा वर्षं आधी घडलं होतं. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकारानं दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांवर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडलं. गाव खवळलं. सावकाराच्या दुकानातून कुणी माल घेईना, त्याचं शेत कुणी कसेना, न्हावी, परीट, चांभार कामाला जाईनात. हे लोण आसपासच्या गावांत पसरलं. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि खतं जळाली, आणि १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. परीक्षेत 'बॉयकॉट'चा अर्थ आठवेना झाला, तर कर्डे आठवा: अनेकांनी मिळून, निषेध म्हणून, व्यवहार तोडणं.

यातला एकेक शब्द महत्त्वाचा आहे. कंटाळा आला म्हणून तास बुडवला तर तो 'बॉयकॉट' नव्हे, त्याला 'स्किप' म्हणा. सरकारनं एखादी वस्तू बंद केली तर तो 'बॅन'. बंदी वरून येते, बहिष्कार लोक घालतात. कामगार आपलं काम थांबवतात तो 'स्ट्राइक'.

मराठीत आपण परीक्षे'वर' बहिष्कार टाकतो, म्हणून पोरं हटकून 'बॉयकॉट ऑन द एक्झाम' लिहितात. क्रियापद असताना मध्ये काही घालायचं नाही: 'दे बॉयकॉटेड द एक्झाम'. नाम असेल तेव्हा 'ऑफ' येतो: 'द बॉयकॉट ऑफ द एक्झाम'. आणि भूतकाळ लिहिताना 'टी' दोनदा. मूळ आडनावातच दोन आहेत, तिसरा घालू नका.

टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार हाच. पण बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढलं, तेव्हा त्या नावात दुसरी बाजू होती: बळवंतांनी दुबळ्यांना तोडलेलं. म्हणून हे क्रियापद वाचलं की आधी कर्ता कोण आणि कर्म कोण ते बघा. जातपंचायतीनं एखाद्या घराला वाळीत टाकलं तर तो 'सोशल बॉयकॉट', आणि महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असं कुठं दिसलं तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या.