तागाच्या दाराला पाणी लागते कोठून?

ताग किंवा काथ्याचे धागे रेझीनमध्ये बसवून केलेली शीट व दारे आपले काही कारागीर बांधव बसवू लागले आहेत. माल हलका असतो, दिसतोही चांगला. मात्र न्हाणीघराचे असे एक दार पावसाळ्यानंतर परत आलेले आम्ही पाहिले. वरचा भाग नव्यासारखा, खालची चार बोटे फुगून पोपडे सुटलेले. भुर्दंड अर्थात बसवणाऱ्यावर पडला.

माल वाईट नव्हता. दार चौकटीत बसेना म्हणून खालून अर्धा इंच कापले होते आणि कापलेली कड तशीच उघडी सोडली होती.

काचेचा धागा पाणी पीत नाही, ताग पितो. तागात निम्म्याहून अधिक सेल्युलोज असते आणि त्याला पाण्याची ओढ असते. बारदानाच्या व्यापाऱ्यांना हे नवे नाही. तागाची प्रमाणित ओलच १३.७५ टक्के धरतात. कापलेल्या कडेवर धाग्यांची तोंडे उघडी पडतात आणि वातीत तेल चढावे तसे पाणी आत चढते. धागा फुगून रेझीनला आतून रेटतो, बारीक चिरा पडतात. पुढे सुकल्यावर धागा आकसतो, पण रेझीनपासून सुटलेला पुन्हा चिकटत नाही. म्हणून ‘उन्हात ठेवा, ठीक होईल’ हे खरे नव्हे. वजन पूर्वीवर येईल, गेलेली ताकद सगळी येणार नाही. काथ्या तागापेक्षा उशिरा कुजतो, पण पाणी तोही पितो.

शीट बनवणाऱ्यांनी धागा आधी नीट सुकवावा. ओल्या धाग्याला रेझीन धरत नाही. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य पाण्यात धागा धुऊन घेतल्यास पकड सुधारते. पाणी कडक झाले तर धागाच कमजोर होतो. हातमोजे विसरू नयेत.

बसवणाऱ्यांनी प्रत्येक कापलेल्या कडेला, कड कोरडी असतानाच, रेझीन किंवा इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. स्क्रूची भोके आणि कुलपाची खाच हमखास राहून जाते! याने पाणी कायमचे थांबत नाही, पण पुष्कळ मंदावते.

खरेदीपूर्वी शीटचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एकाच्या कडा बंद कराव्यात, दुसऱ्याच्या उघड्या ठेवाव्यात. कोरडे वजन करून २४ तास पाण्यात ठेवावे, पुसून पुन्हा तोलावे. १०० ग्रॅमचा तुकडा १०८ भरला तर ८ टक्के पाणी प्याला. जाड शीट एका दिवसात भरत नाही, तिला आठवडाभर ठेवून रोज तोलावे. हे दोन तुकडे दुकानात ठेवून गिऱ्हाइकाला दाखवावेत आणि कडा बंद करण्याची मजुरी बिलात वेगळी लावावी.